एसीचा झोत कुठे जातोय? इलेक्ट्रिक गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या टेस्ला मॉडेल वायच्या डॅशबोर्डवर हाताने फिरवायची जाळीच नाही. स्क्रीनवर झोत बाजूला ओढला, तरी गार हवा डोळ्यांवरच येते. काही बिघाड असेल का? – मुंबई

उत्तर : आधी डॅशबोर्डवर काय ठेवलंय ते बघा. या गाडीत डॅशबोर्डभर आडव्या गेलेल्या अरुंद फटीतून हवेचा पट्टा बाहेर पडतो आणि आतलाच दुसरा झोत त्याला ढकलून वर किंवा खाली वळवतो. डावी-उजवी दिशा आत दडलेल्या पात्यांवर ठरते. वाहती हवा जवळच्या पृष्ठभागाला चिकटून जाऊ पाहते, याला कोआंडा परिणाम म्हणतात. त्यामुळे उन्हासाठी अंथरलेल्या मॅटची कड फटीवर आली किंवा फटीसमोर अत्तराची बाटली, गणपतीची मूर्ती ठेवलेली असली, तर झोत तिच्या अंगाने वळतो. स्क्रीनवरचं चित्र मात्र बरोबरच दिसत राहतं. डॅशबोर्ड पूर्ण रिकामा करून मगच तपासा.

पुढची पायरी गाडी उभी असतानाच करावी. स्क्रीनच्या तळाशी तापमानाच्या आकड्यावर बोट ठेवलं की एसीचं पान उघडतं. तिथे चेहऱ्याकडचा झोत चालू आहे ना, हे पाहून घ्या; तो बंद असेल तर दिशा ओढून उपयोग नाही. मग झोत दोन भागांत विभागा आणि एक भाग डाव्या खांद्याबाहेर, दुसरा उजव्या खांद्याबाहेर न्या. डोळे कोरडे पडण्याची तक्रार बहुतेक वेळा एवढ्याने जाते. बोट फिरवूनही स्क्रीन दाद देत नसेल, तर गाडी पार्कमध्ये ठेवून स्टिअरिंगवरची दोन्ही गोल बटणं एकाच वेळी स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरा. स्क्रीन नव्याने सुरू होईल. त्यानंतरही एकच बाजू वळत नसेल, तर आतली मोटर किंवा तिची जोडणी बघायला लागेल, आणि ते काम सर्व्हिस सेंटरचं. चालत्या गाडीत स्क्रीनवरून झोत फिरवू नका. हाताला सापडणारी कळ नसल्यामुळे तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते, आणि या रचनेतली खरी उणीव हीच आहे.

प्रश्न : आमच्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीत मधल्या जाळीची कळ डावी-उजवीकडे सहज फिरते, पण हवा सरळच येते. – नाशिक

उत्तर : कळ पूर्वीपेक्षा हलकी फिरत असेल, तर आतली जोडपट्टी निसटली आहे असं समजा. जाळीत पात्यांचे दोन थर असतात. पुढच्या आडव्या पात्या हवा वर-खाली करतात, मागच्या उभ्या पात्या डावी-उजवीकडे. कळीचा चिमटा एका उभ्या पातीला धरतो आणि बाकीच्या पात्या एका बारीक प्लॅस्टिकच्या पट्टीने तिला जोडलेल्या असतात. ब्लोअर बंद करा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आत बघा आणि कळ हलवा. एकच पाती हलत असेल तर पट्टी सुटलीय. एकही हलत नसेल तर चिमटा सुटलाय किंवा तुटलाय.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जाळीवर अडकवलेला मोबाइल होल्डर. मोबाइल आणि होल्डर मिळून पाव किलोच्या आसपास वजन होतं. उन्हात तापून मऊ झालेल्या पातीवर खड्ड्यांतून ते उसळत राहिलं की टोकाची खुंटी, जी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असते, बाहेर येते. होल्डर काचेवर किंवा डॅशबोर्डवर लावा.

खुंटी शाबूत असेल, तर बोथट चिमट्याने पाती किंचित वाकवून ती भोकात परत बसवता येते. हे सकाळी करू नका. गारठलेलं प्लॅस्टिक कडक असतं आणि तुटतं. गाडी थोडी तापली की करा. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो पसरून शेजारची खुंटीही जाम करतो आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा थर आणतो. पाती कडक फिरत असेल तर काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं. खोबरेल किंवा मशीनचं तेल धूळ धरून ठेवतं. खुंटी तुटलीच असेल तर पूर्ण जाळी बदला.

जाळी काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका, प्लॅस्टिकची पाचर वापरा. प्रवाशासमोरच्या एअरबॅगच्या झाकणाला हात लावू नका. काही इलेक्ट्रिक गाड्यांत डॅशबोर्डमागच्या एसीच्या पेटीतच हीटर असतो आणि त्याला जास्त विद्युतदाबाची (हाय व्होल्टेज) नारिंगी वायर येते. नारिंगी वायर दिसली की तिथेच थांबायचं.

प्रश्न : चेहऱ्यावर हवा निवडली तरी निम्मी पायांवर जाते आणि गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. – कोल्हापूर

उत्तर : हा दोष जाळीचा नाही, आतल्या झडपेचा आहे. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लॅस्टिक गिअरचा दात झिजला, की मोटर फिरते, गिअर घसरतो आणि टकटक होते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत ती लवकर कानावर येते. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी प्रत्येक जाळीसमोर, पायाशी आणि काचेखाली धरून एकेक पर्याय बदला, आणि कुठे किती हलते ते लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. मेकॅनिकला नेमकी मोटर सापडते आणि उगाच अख्खा डॅशबोर्ड उतरत नाही. काही वेळा झडपेची शून्यस्थिती संगणकाने पुन्हा लावूनच काम भागतं, म्हणून नवीन सुटा भाग घ्यायच्या आधी ते करायला सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात काच धुरकटते. एसी बंद ठेवून बॅटरी वाचवावी का? – रत्नागिरी

उत्तर : नाही. आधी काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर बाष्प आत आहे : एसी चालू, बाहेरची हवा आत घेणारा पर्याय आणि झोत काचेवर. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून तो बंद करणं इथे उलटं पडतं. रेघ उमटली नाही, तर बाष्प बाहेरून आहे. गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प जमतंय. मग झोत काचेवरून काढा, मधल्या जाळ्या सीटकडे वळवा, तापमान 25-26 वर न्या आणि वायपर एकदा फिरवा.