पायस्पार्कमध्ये यूडीएफ (आपण स्वतः लिहिलेलं फंक्शन) मेमरी खातंय? आधी कुठली मेमरी ते बघ

मेमरी संपून कंटेनर (ज्यात एक्झिक्युटर, म्हणजे स्पार्कची काम करणारी प्रोसेस चालते) मेला की एक्झिक्युटर मेमरी वाढवायची, ही सवय आधी सोड. ती मेमरी जेव्हीएमच्या हीपला, म्हणजे जावाच्या बाजूला मिळते. पायस्पार्कमधलं पायथन यूडीएफ त्या हीपमध्ये चालतच नाही. त्याची वेगळी प्रोसेस असते आणि तिचा खर्च मेमरी-ओव्हरहेडमधून (हीपबाहेर राखून ठेवलेल्या मेमरीतून) जातो. यार्नवर (क्लस्टरची मेमरी आणि कोअर वाटून देणारी प्रणाली) हा ओव्हरहेड मुळात एक्झिक्युटर मेमरीच्या 10 टक्के, किमान 384 एमबी. म्हणजे 8 जीबीच्या एक्झिक्युटरला जेमतेम 819 एमबी. त्यात 4 कोअर असतील तर एकाच वेळी 4 पायथन वर्कर, प्रत्येकाच्या वाट्याला 200 एमबीच्या आसपास. पांडाज (डेटा हाताळायची पायथन लायब्ररी) आणि एखादं मॉडेल लोड केलंस की संपलं! त्यामुळे हीपला हात लावू नकोस. ओव्हरहेड वाढव, नाहीतर कोअर कमी कर. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, फुकटात होतो.

मॉडेल दर बॅचला लोड करू नकोस, इटरेटरवालं पांडाज यूडीएफ वापर, त्यात मॉडेल एकदाच लोड करून पुढच्या बॅचना वापरता येतं. ॲरोची (जेव्हीएम आणि पायथनमध्ये डेटा नेणारा फॉरमॅट) बॅच मुळात 10,000 ओळींची असते, ओळी जाड असतील तर आकडा खाली आण. मात्र अप्लाय-इन-पांडाजला (एकेका ग्रुपवर फंक्शन चालवणारी पद्धत) ही मर्यादा लागू नाही, तिथे अख्खा ग्रुप एकदम मेमरीत येतो. ग्रुप करायची एखादी की फुगलेली (तिच्या ओळी खूप जास्त) असेल तर आधी तीच फोड.

आणि हो, स्पार्कच्या बिल्ट-इन फंक्शनने काम भागत असेल तर यूडीएफ लिहूच नकोस.