आलेखाच्या अक्षावर मराठी महिने : 'जान' की 'जाने.'?

विचारणा अशी आहे : पावसाच्या मासिक नोंदी एका डेटाबेसमध्ये साठवलेल्या आहेत, त्यांवरून स्तंभालेख काढायचा आहे आणि आडव्या अक्षावर महिन्यांची पूर्ण मराठी नावे मावत नाहीत. इंग्रजीत प्रत्येक नावाची पहिली तीन अक्षरे घेतली की काम भागते. तोच नियम मराठी नावांना लावल्यावर मात्र अक्षावर 'जान', 'मार', 'सप्' असे काहीतरी उमटू लागले. तेव्हा मराठीत महिन्यांच्या नावांचे योग्य संक्षेप कोणते, त्यांपुढे टिंब द्यावे का आणि जागा फारच कमी असेल तर एकाक्षरी संक्षेप चालतील का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी बिघाडाचे कारण पाहू. आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि संगणक ज्याला अक्षर म्हणून मोजतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सर्व लिप्या साठवण्याच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि व्यंजनाचा पाय मोडणारे हलन्तचिन्ह या प्रत्येकाला स्वतंत्र संकेत आहे. त्यामुळे 'जानेवारी'तले पहिले तीन संकेत म्हणजे ज, काना आणि न. मात्रा चौथ्या क्रमांकावर असल्याने ती गळते आणि 'जान' उरते. 'मार्च'मधून म, काना व र एवढेच येऊन 'मार' होते. 'एप्रिल', 'सप्टेंबर' आणि 'ऑक्टोबर' यांत तिसरा संकेत नेमका हलन्तचिन्हाचा असल्याने 'एप्', 'सप्', 'ऑक्' अशी पायमोडकी रूपे तयार होतात. 'फेब', 'जुल', 'ऑगस', 'नोव', 'डिस' यांवरून महिना ओळखता येतो, परंतु मराठी माणूस त्या ठिकाणी शब्द तोडत नाही. बारांपैकी 'मे' आणि 'जून' हे दोनच या कात्रीतून शाबूत सुटतात, तेही मुळातच लहान असल्यामुळे. 'मार' आणि 'जान' हे तर मराठीतले वेगळे, भलत्याच अर्थाचे शब्द आहेत, आणि जिल्ह्याच्या पर्जन्यमानाच्या आलेखावर ते छापले जाणे मला मुळीच मान्य होण्यासारखे नाही.

आता प्रचलित संक्षेप पाहावेत : जाने., फेब्रु., मार्च, एप्रि., मे, जून, जुलै, ऑग., सप्टें., ऑक्टो., नोव्हें., डिसें. ही रूपे वर्तमानपत्रांत, दिनदर्शिकांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत सर्वत्र दिसतात. युनिकोड कन्सॉर्टियमच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसंग्रहातही, म्हणजे बहुतेक फोन, ब्राउझर आणि आलेख काढणाऱ्या अनेक प्रणाली जिथून महिन्यांची नावे घेतात तिथेही, मराठीसाठी हीच रूपे नोंदलेली आहेत. फरक एवढाच की तिथे टिंब नाही.

या यादीकडे बारकाईने पाहिले तर तिच्यामागचा नियम अतिशय नेटका आहे, आणि तो कुठे सांगितला जात नाही म्हणून येथे मुद्दाम मांडतो. जोडाक्षर हे त्याच्या स्वरचिन्हासह एकच अक्षर धरले, तर बाराही रूपे म्हणजे त्या त्या नावाची पहिली दोन अक्षरे आहेत. जा-ने, फे-ब्रु, ए-प्रि, ऑ-ग, स-प्टें, ऑ-क्टो, नो-व्हें, डि-सें. 'मार्च' (मा-र्च), 'जून' आणि 'जुलै' ही नावे मुळातच दोन अक्षरांची आहेत आणि 'मे' एकाच अक्षराचे, म्हणून त्यांत तोडण्यासारखे काही उरत नाही. एकही अपवाद नाही. लहानपणी बाराखडी गिरवताना अक्षराची जी जाणीव आपल्या हाताला होते, तीच येथे काम करते आहे : स्वर आला की अक्षर पुरे झाले, आणि त्याच्यावरचा अनुस्वार त्याच अक्षराचा भाग. 'सप्टे.' किंवा 'डिसे.' असे अनुस्वाराविना लिहिलेलेही कधीकधी आढळते, पण ते मी टाळतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांत स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू सांगितला आहे, आणि तो उच्चार ज्या अक्षरात होतो ते अक्षर संक्षेपात ठेवायचे तर त्याचा बिंदूही ठेवायला हवा.

ज्यांना हे संगणकाकडूनच करून घ्यायचे आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मजकुराचे दृश्य अक्षरांत विभाजन करण्याचे युनिकोडचे नियम पूर्वी हलन्तचिन्हाशी थांबत असत, त्यामुळे 'प्टें' हे एक अक्षर न धरता 'प्' आणि 'टें' अशी दोन धरली जात. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला. ज्या प्रणाली अजून जुन्या नियमांवर चालतात त्या पहिली दोन अक्षरे मागितल्यावर पुन्हा 'सप्' देतील. म्हणून नावे कापण्याच्या भरीस न पडता बारा संक्षेपांची तयार यादीच द्यावी, किंवा प्रणालीला भाषा मराठी आहे हे सांगून तिच्याकडून लघुरूप मागावे. भाषा मराठीच निवडली आहे ना, हेही तपासावे. हिंदी निवडली गेली तर 'जन॰', 'फ़र॰', 'सित॰' अशी रूपे येतात, आणि लिपी एकच असल्याने ती पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाहीत.

त्यातच टिंबाचाही मुद्दा येतो. हिंदीत संक्षेपापुढे पोकळ वर्तुळासारखे लाघवचिन्ह देतात. मराठीत आपण 'उदा.', 'क्र.', 'डॉ.' यांप्रमाणे साधा पूर्णविरामच देतो. सलग मजकुरात 'जाने.' असे टिंबासह लिहावे, कारण टिंबामुळे शब्द तोडलेला आहे हे कळते. 'मार्च', 'मे', 'जून', 'जुलै' यांपुढे मात्र टिंब देऊ नये, कारण तिथे काहीच तोडलेले नाही. सरसकट सर्वांना टिंब लावणारा साचा 'मे.' असे छापतो, ते चूक आहे. अक्षावर बारा नावे ओळीने येत असल्याने संदर्भ आपोआप स्पष्ट असतो, त्यामुळे तिथे टिंब गाळले तरी चालेल, आणि मी स्वतः गाळावे या मताचा आहे. एकाच आलेखात तोडलेल्या काही नावांपुढे टिंब आणि काहींपुढे नाही, असे मात्र होऊ नये.

एकाक्षरी रूपांविषयी माझे मत अधिक कडक आहे. सीएलडीआरमध्ये जा, फे, मा, ए, मे, जू, जु, ऑ, स, ऑ, नो, डि अशी अतिलघुरूपे आहेत. त्यांत 'ऑ' दोनदा येतो, आणि जून-जुलै यांच्यातला भेद फक्त ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा उरतो. तो भेद नियमाने बरोबरच आहे : 'जून'मध्ये अकारान्त अक्षरापूर्वीचा उकार दीर्घ, आणि 'जुलै'मध्ये शेवटचे अक्षर दीर्घ असल्याने त्याआधीचा ऱ्हस्व. पण बारीक टाइपात, अक्षाखाली, 'जू' आणि 'जु' वेगळे ओळखणे कठीण आहे. पावसाच्या आलेखात तर हेच दोन महिने सर्वांत महत्त्वाचे. मोसमी पाऊस वेळेवर आला की लांबला, हे वाचणारा नेमके तिथेच पाहतो. जागा नसेल तर दोन अक्षरी रूपे तिरपी करावीत, किंवा एकाआड एक महिना लिहावा. एकाक्षरी रूपांकडे वळू नये. अक्षरे एकाखाली एक रचून उभे लेखन करणे तर देवनागरीत टाळावेच, कारण त्यात जोडाक्षरे फुटण्याचा धोका असतो.

महिन्याचे नाव डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून साठवलेले असेल तर आणखी दोन अडचणी येतात, आणि दोन्ही मुळात लेखनाच्याच आहेत. पहिली क्रमाची. देवनागरी वर्णक्रमाने लावल्यास महिने असे येतात : एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर. यातली फसवी बाब अशी की पहिला महिना एप्रिल निघतो. आपले आर्थिक वर्षही एप्रिलपासूनच सुरू होत असल्याने घाईने पाहणाऱ्याला आरंभ बरोबर वाटतो आणि पुढची सरमिसळ नजरेतून सुटते.

दुसरी अडचण 'ऑ'ची. 'ऑगस्ट' आणि 'ऑक्टोबर' यांतला 'ऑ' हा युनिकोडमध्ये एकच संकेत आहे, परंतु काही जण तो 'आ' लिहून त्यावर चंद्र देऊन टंकतात. पुष्कळ फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही (समान मजकुराची वेगवेगळी संकेतरूपे एक करण्याच्या प्रक्रियेनेही) ते एक होत नाहीत, कारण पहिला संकेत दुसऱ्या जोडीत विघटित होतो असे युनिकोडने कुठे ठरवलेलेच नाही. परिणामी ऑगस्टचा पाऊस दोन स्तंभांत विभागला जातो आणि दोन्ही स्तंभांखाली 'ऑग' असेच दिसते. 'नोव्हेंबर' आणि 'नोव्हेम्बर' यांचेही तसेच. म्हणून साठवताना तारीख किंवा १ ते १२ हा क्रमांकच ठेवावा, क्रम त्यावरूनच लावावा आणि नाव फक्त दाखवण्याच्या क्षणी घालावे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत तारखेचा मजकूर करताना महिन्याच्या साच्याआधी 'टीएम' (TM) हा उपसर्ग लावला की सर्व्हरच्या कालविषयक भाषा-मांडणीनुसार नाव मिळते. मात्र ती मांडणी मराठी हवी आणि यंत्रावर ती बसवलेली हवी.

शेतीच्या किंवा पावसाच्या नोंदी कोणाला चैत्र-वैशाखाच्या हिशेबाने दाखवायच्या असतील तर दोन अक्षरांचा हाच नियम तिथेही सुरेख चालतो : चैत्र, वैशा., ज्येष्ठ, आषा., श्राव., भाद्र., आश्वि., कार्ति., मार्ग., पौष, माघ, फाल्गु. फक्त 'मार्ग' हा स्वतंत्र शब्द असल्याने त्यापुढचे टिंब अक्षावरही राहू द्यावे, आणि एकाला ठेवले की या यादीत तोडलेल्या सर्वांनाच ठेवावे. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत बाराच महिने असतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. पंचांगातल्या चांद्रमासांत मात्र अधिक मास येतो : २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. अशा वर्षाच्या अक्षावर तेरा खुणा हव्यात, आणि त्या दोन महिन्यांना 'अधिक श्राव.' व 'निज श्राव.' अशी वेगळी नावे द्यावीत. नाहीतर दोन्हींची बेरीज एकाच स्तंभात पडून श्रावणाचा पाऊस प्रत्यक्षाहून किती तरी अधिक दिसेल.