आधी जेव, मग बोल

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. चीनमधल्या चेंगडूत तुला ११ आठवडे झाले आणि एवढ्यात तू लिहितोस की ही माणसे परक्याला कधीच जवळ करत नाहीत, असे इथले सगळे परदेशी सांगतात. त्या 'सांगतात'पाशी मी थांबले. तू स्वतः काय पाहिलेस, हे मी पत्रभर शोधले. एका तरी चिनी माणसाशेजारी बसून तू जेवलास, असे त्यात कुठेही नाही. इमारतीच्या दारावर बसणारी बाई रोज 'जेवलास का' विचारते, याचा तुला त्रास होतो, एवढेच आहे. आठवडाभर खोलीत खिचडी आणि शनिवारी थोंगझलिन भागातल्या परदेशी मंडळींच्या अड्ड्यावर पिझ्झा, वर तोंडी लावायला त्या शहराची निंदा, असा तुझा आहार दिसतो. माझे सांगणे एकच आहे: आधी जेव, मग बोल.

हे मी उंटावरून सांगत नाही. २०११ च्या वसंतात कारखान्यातल्या तपासणीच्या कामासाठी मी तिथे गेले आणि सव्वा वर्ष त्याच अड्ड्यावर बसून तिथली मते आयती वाढून घेतली. लोक टक लावून पाहतात, पाठीमागून 'लाओवाय', म्हणजे परदेशी, म्हणतात, खानावळीत ओरडून बोलतात, हाडे टेबलावरच काढून ठेवतात, भर उन्हाळ्यात गरम पाणी पुढे करतात. यादी तीच आहे, सांगणारी तोंडे तेवढी बदलली. गरम पाण्याला नावे ठेवताना मला माझी आजी आठवली नाही, जी पडसे असो की पोटदुखी, आधी कढत पाण्याचा पेला हातात देत असे. ज्याला आम्ही गोंगाट म्हणत होतो त्याला तिथे 'रनाओ', म्हणजे आनंदी गजबज, असा कौतुकाचा शब्द आहे. मुकी पंगत आपल्याकडेही श्राद्धालाच शोभते. युनेस्कोने २०१० मध्ये या शहराला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला होता, आणि मी तिथे पास्ता उकडून खात होते. लाज वाटते, पण लिहिते.

जुलै २०१२ मध्ये कारखान्यातल्या एका फोरमनने मला अक्षरशः ओढून गल्लीतल्या खानावळीत नेले. अशा पाच-सहा टेबलांच्या, तेलकट भिंतींच्या, पण चवीसाठी नावाजलेल्या जागांना चेंगडूकर लाडाने 'माश्यांची खानावळ' म्हणतात. मापो तोफू, म्हणजे तिखट रश्श्यातले सोयाबीनचे पनीर, आले: लालभडक तेलात थरथरणारे पांढरे तुकडे आणि वर भुरभुरलेली तपकिरी पूड. पहिल्या घासाला मिरची लागली, दुसऱ्या घासाला ओठ बधिर झाले, लिंबाच्या सालीसारखा वास नाकात चढला आणि मालवणच्या घरातले बांगड्याचे तिखले समोर आले. मी उठून चुलीपाशी गेले आणि खुणेनेच डबा दाखवायला सांगितले. आत उकललेली तांबूस फळे होती, काळे बी काढून टाकलेली, आपण तिरफळाचे काढतो अगदी तशीच. त्याला ते 'ह्वाज्याओ' म्हणतात, आणि ते तिरफळाच्याच कुळातले आहे. स्वयंपाक करणारी बाई माझे तोंड पाहून हसत सुटली, मीही हसले. सव्वा वर्ष मी त्या शहराला चव न घेता नावे ठेवली होती.

'पण मी शाकाहारी आहे,' हे तुझे उत्तर मला ठाऊक आहे. मग राहा की शाकाहारी, तुझे व्रत मोडायला कोणी सांगितले? मापो तोफूत खिमा असतो, तो न घालता करून मिळतो का, ते विचार. फोडणीला डुकराची चरबी आहे का, रस्सा कशाचा आहे, हेही विचार, कारण नुसते 'मांस नको' म्हटल्याने तिथे पदार्थ शाकाहारी होत नाही. वनशू मठात शाकाहारी जेवण मिळते. हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात शिजवून खायच्या जेवणाला, बोलावले तर दोन कप्प्यांचे पातेले सांगायचे, एका कप्प्यात अळंब्यांचा रस्सा, त्यात कमळकाकडी, बटाटा, तोफू. कप्पा वेगळा चालेल, टेबल वेगळे चालणार नाही. आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस. मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखे ते दिसते, आणि पिंडाचा भात कोणता हे कळणाऱ्या घरातला तू आहेस.

लोक म्हणतात की मावशी चीनची वकिली करते. ती मी करत नाही. सूर्य दिसला की सिचुआनची, म्हणजे चेंगडूच्याच प्रांतातली, कुत्री भुंकतात अशी जुनी चिनी म्हण आहे, आणि त्या ढगाळ, ओल्या हिवाळ्याने माझे गुडघे कायमचे धरले. माझी अनामत रक्कम बुडवणारा घरमालक मी अजून विसरलेले नाही. पण ही मते मी कमावलेली आहेत, अड्ड्यावरून उसनी आणलेली नाहीत. तू सात वर्षे राहा, जेव आणि मग हवे तेवढे वाईट बोल. मी ऐकून घेईन. न जेवता बोललेले मी ऐकणार नाही, तुझ्या आईला याचा राग आला तरी.

आता जे कोणाला सांगितले नाही ते सांगते. खालच्या मजल्यावर एक आजी राहत. रोज संध्याकाळी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, 'जेवलीस का?' तो नुसता रामराम असतो, मनावर घ्यायचा नसतो, असे अड्ड्यावर शिकवले होते, म्हणून मी उपाशी असले तरी 'जेवले' म्हणत असे. जानेवारी २०१२ मध्ये, त्यांच्या नववर्षाच्या आदल्या रात्री, घरच्यांच्या मुख्य जेवणाला त्यांनी मला बोलावले. मी तापाचे निमित्त केले. माझीही बाजू होती: भाषा येत नव्हती, ताटात काय पडेल याची धास्ती होती, त्याच दिवाळीत वडील गेले होते आणि कोणाच्या भरल्या घरात बसवेना. तरीही रात्री फटाक्यांच्या आवाजात खालून भांड्यांचा आवाज येत होता आणि मी दिवा मालवून बसले होते, म्हणजे त्यांना वाटावे की मी झोपले आहे. मे महिन्यात त्या कायमच्या मुलाकडे शन्झनला गेल्या. तिरफळाचा डबा मला त्यानंतर दोन महिन्यांनी दिसला.

तुझ्या दारावरच्या बाईने उद्या विचारले की 'हाय मेय' म्हण. 'अजून नाही' असा त्याचा अर्थ आहे. आणि लगेच जिना चढू नकोस, तिथेच थोडा उभा राहा.

तुझी,
मावशी