मोठ्या दुखापतीनंतर फुटबॉलर बदलतो तो दुखापतीमुळे की कोचमुळे?

तुम्ही विचारलंय की तुमच्या आवडत्या विंगरचं, म्हणजे कडेने पळत हल्ला करणाऱ्या खेळाडूचं, एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं, तो परत आला, पण नवीन कोच त्याला कडेला खेळवतच नाही, मध्ये घुसवतो, मग त्याचं वाटोळं दुखापतीने केलं की कोचने? मला विचाराल तर दुखापत खेळाडूकडून एखादी गोष्ट काढून घेते, बऱ्याचदा पहिल्या चार-पाच पावलांचा झटका, आणि जे उरतं त्याचं काय करायचं हे कोचच्या हातात असतं. म्हणून जागा बदलली की लगेच कोचला शिव्या घालू नका, कित्येकदा तोच त्याला वाचवत असतो.

इंग्लंडचा स्ट्रायकर मायकल ओवेनचं बघा. एप्रिल 1999 मध्ये लीड्सविरुद्ध पळता पळता त्याची हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) तुटली, वय फक्त 19. त्यानंतर 2001 चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा पुरस्कार, त्याने जिंकला त्यामुळे लोकांना वाटलं सगळं ठीक आहे, पण स्नायू एकदा गेला की पुन्हा जायची शक्यता वाढते आणि त्याचं तेच होत राहिलं, वरून 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला, तोही कोणी धक्का न मारता. पुढे त्याने स्वतः सांगितलंय की करिअरच्या शेवटच्या काही वर्षांत मोकळ्या जागेत जोरात धावायचीच त्याला भीती वाटायची. ज्याचा अख्खा खेळ डिफेंडरच्या मागे पळण्यावर उभा होता त्याला पळायची भीती! हे आठवलं की अजून जीव तुटतो.

स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेसचं थोडं वेगळं. एप्रिल 2010 मध्ये गुडघ्याची सर्जरी झाली आणि जानेवारी 2011 मध्ये चेल्सीने त्याला 50 मिलियन पाउंडला घेतलं. लिव्हरपूलसाठी 142 मॅचमध्ये 81 गोल, चेल्सीसाठी 172 मध्ये 45. सगळे म्हणतात गुडघ्याने संपवला, मला ते अर्धवट वाटतं. लिव्हरपूलमध्ये मिडफिल्डर जेरार्ड बॉल उचलून मोकळ्या जागेत टाकायचा आणि हा सुटायचा, चेल्सीत समोरची टीम बॉक्सजवळ गर्दी करून बसलेली असायची, पळायला जागाच नाही. वेग कमी झालेल्या माणसाला अरुंद जागेत उभं केलं आणि त्याच्यासाठी नवीन काही शोधलंच नाही, मग दोष एकट्या गुडघ्याचा कसा?

आता फ्रान्सचा विंगर डेंबेले, याच्यावर मी जरा जास्त बोलणार. 2017 मध्ये बार्सिलोनाने 105 मिलियन युरो मोजून 20 वर्षांचा पोरगा आणला, आणि सप्टेंबरमध्येच गेटाफेविरुद्ध बॉल टाचेने अडवायला गेला आणि हॅमस्ट्रिंगचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटला, ऑपरेशन फिनलंडला. फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा हॅमस्ट्रिंग, पुन्हा फिनलंड. 2021 च्या युरो कपमध्ये गुडघा. लोकांनी त्याला काचेचा म्हणून सोडून दिलं होतं. मग बार्सिलोनात झावी कोच म्हणून आला, त्याने याला कडेला मोकळं सोडलं आणि चुकला तरी खेळवत राहिला, त्या 2021-22 च्या सीझनमध्ये स्पेनच्या ला लिगात सगळ्यात जास्त असिस्ट (गोल होण्याआधीचा शेवटचा पास) याचे, 13. पण खरा बदल पॅरिसच्या पीएसजी क्लबमध्ये झाला. तिथला कोच लुईस एन्रिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचला याला टीममधूनच बाहेर ठेवलं, म्हणजे लाड अजिबात नाहीत, आणि त्याच कोचने डिसेंबरपासून याला मधोमध, स्ट्रायकरच्या जागी खेळवायला सुरुवात केली. कडेला प्रत्येक वेळी जागेवरून फुल स्पीड पकडावा लागतो, बॅकला हरवा, पुन्हा थांबा, पुन्हा सुटा, मध्ये दोन-तीन पावलांत काम होतं आणि याचे तर दोन्ही पाय सारखेच चालतात. सीझनमध्ये 35 गोल झाले. 31 मे 2025 ची इंटरविरुद्धची चॅम्पियन्स लीगची फायनल मिळाली तर पुन्हा बघा, 5-0 वाली. इंटरचा गोलकीपर सोमर गोलकिक घ्यायला उभा असतो तेव्हा डेंबेले बॉक्सच्या रेषेवर थोडा पुढे वाकून, नजर फक्त त्याच्यावर, शंभर मीटरच्या शर्यतीत बंदुकीची वाट बघतात तसा. गोल एकही नाही केला, पण दोन असिस्ट दिले आणि सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ओर घेऊन गेला. अर्थात शरीर विसरत नाही, त्याच सप्टेंबरमध्ये फ्रान्सकडून युक्रेनविरुद्ध खेळताना पुन्हा हॅमस्ट्रिंग गेलीच.

तुमच्या खेळाडूबद्दल खरी काळजी करायची तर घाईची करा. ब्राझीलच्या रोनाल्डोचं नोव्हेंबर 1999 मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एप्रिल 2000 मध्ये लाझिओविरुद्ध बेंचवरून आला आणि जेमतेम सहा-सात मिनिटांत ड्रिबल करताना तोच गुडघा पुन्हा मोडला, आसपास कोणी टच पण केलं नव्हतं. तो 2002 च्या वर्ल्ड कपला 8 गोल मारून परतला खरा, पण अर्ध्या मैदानातून पाच जणांना उडवत येणारा रोनाल्डो परत फार दिसला नाही. एसीएलनंतर 9 महिन्यांच्या आत पूर्ण मॅच खेळायला लागलं तर पुन्हा फाटायचा धोका चांगलाच वाढतो, हे आता अभ्यासातूनही दिसलंय.

त्यामुळे आत्ता कोच त्याला किती मिनिटं देतोय ते बघा, आठवड्यात तिसरी मॅच आली की बसवतो का ते बघा, आणि ऑपरेशन झालेल्या पायावर जोर देऊन तो वळतो की वळण टाळून मागे पास देतो ते बघा. मागे देत असेल तर मध्ये खेळवणं बरोबरच आहे, तिथे मागे पास दिला तरी खेळ चालू राहतो, कडेला तोच पास दिला की लोक ओरडायला लागतात. पहिले सहा महिने तरी गोल मोजू नका.