नव्या नेतृत्वाने ध्येय कसे मांडावे

नागपुरातून वाहणाऱ्या नाग नदीसाठी काम करणाऱ्या आपल्या गटाचे नेतृत्व तुम्ही स्वीकारलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पहिल्याच सभेत ‘नदी स्वच्छ करू’ एवढेच सांगून थांबू नका. ते कोणी नाकारत नाही आणि म्हणूनच त्यासाठी कोणी उठतही नाही. आपल्या वस्तीचा कचरा पात्रात पडत नाही, पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागत नाही, असे चित्र काठावरच्या लोकांकडून आधी ऐका, मग त्यांच्याच शब्दांत, प्रत्येक बैठकीत, न कंटाळता मांडा.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले, तेव्हा स्वराज्याच्या ध्येयासोबत चार आण्यांचे सभासदत्व आणि भाषावार प्रांतिक समित्याही आल्या, आणि सामान्य माणसाला त्या ध्येयात सहभागी होण्याचा मार्ग मिळाला. माझ्या मते त्या अधिवेशनाचे खरे बळ यातच होते. वर्षभरात स्वराज्य ही गांधीजींनी दिलेली मुदत मात्र टळून गेली. म्हणून तारीख द्यायचीच असेल, तर ती आपल्या आवाक्यातील कामाला द्या: महानगरपालिकेची परवानगी घेऊन पावसाळ्यापूर्वी एका नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवणे आणि ती साफ करण्याच्या पाळ्या त्याच वस्तीतील घरांना वाटून देणे.