पिशवी घेऊन ऑफिसला कसा जाऊ?

“मीटिंगमध्ये आवाज आला तर?” “वास आला तर?” “गळली तर?” मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पोटावर स्टोमा (मल बाहेर येण्यासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावर पिशवी लावतात) आलेली माणसं कामावर रुजू व्हायची वेळ आली की हेच विचारतात. कॅन्सरबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळी धास्ती त्या पिशवीची.

सुधाकरराव (नाव बदललं आहे) अकाउंट्समध्ये वरच्या हुद्द्यावर होते. कायमची कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा), केमोही संपलेली. ‘कामावर जायला हरकत नाही’ असं सर्जननी लेखी दिलं होतं, पण रुजू व्हायची तारीख ते पुढे ढकलत होते. माझ्याकडे समुपदेशनाला पत्नीबरोबर आले, खुर्चीत बसले आणि हातातली फाइल पोटावर उभी धरली. ती शेवटपर्यंत हलली नाही.

त्यांना माहिती हवी होती आणि ती दिल्यावरही समाधान होत नव्हतं. अशा वेळी मी आणखी माहिती देत नाही. भीतीच्या मागे लागते, ती संपेपर्यंत. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे भीतीमागचा विचार तपासून बघणारी. ‘मग काय होईल?’ हा माझा आवडता प्रश्न.

“ऑफिसात कळलं तर काय होईल?”

“लोक लांब बसतील.”

“बसले. मग?”

“मग काय, घाणेरडा समजतील मला.”

“सगळे?”

“एखादा तरी समजेलच की!”

“समजेलही एखादा. पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

ते गप्प झाले. उत्तर पत्नीने दिलं. “अहो मॅडम, पिशवी मीच बदलते. हे तोंड फिरवून पडतात. अजून एकदाही नीट बघितलेलं नाही ह्यांनी.”

मला वाटलं चिडतील. पण ते हळूच म्हणाले, “मलाच किळस येते हो.” आणि फाइल मांडीवर ठेवली.

गाठ इथे सुटली. सहकाऱ्यांच्या डोळ्यांत जी किळस दिसेल म्हणून हा माणूस घरी बसला होता, ती सहकाऱ्यांनी दाखवलेलीच नव्हती. ऑफिसची तयारी ऑफिसपासून सुरू करून उपयोग नव्हता. तेव्हापासून हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, पिशवी कोण बदलतं? कामावर जाण्याची तयारी किती झाली आहे, हे त्या उत्तरावरून मला बरंचसं कळतं.

घरचा अभ्यास एकच दिला. स्टोमा नर्सच्या देखरेखीखाली, आरशासमोर, पिशवी स्वतः बदलायची. पत्नीने खोलीबाहेर थांबायचं. (हे पत्नीला जास्त जड गेलं.) पुढच्या वेळी ते जरा आश्चर्यानेच म्हणाले, “लालचुटुक आहे, ओलसर. हात लागला तरी दुखत नाही.” बरोबर आहे. ते आतड्याचंच आतलं अस्तर. त्याला स्पर्शाच्या वेदना कळत नाहीत. जपायची असते ती भोवतालची कातडी.

मग ऑफिसची रंगीत तालीम घरीच. ऑफिसचे कपडे, ऑफिसच्या वेळा, टेबलाशी बसणं. कोलोस्टोमीचं वेळापत्रक बरेचदा ओळखू येतं, पण त्यासाठी ते लक्ष देऊन बघावं लागतं. इलिओस्टोमी (लहान आतड्याचा स्टोमा) असेल तर मल पातळ असतो, पिशवी जास्त वेळा रिकामी करावी लागते आणि शरीरातलं पाणी व क्षार कमी पडू द्यायचे नसतात. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, मीटिंग संपायची वाट बघायची नाही. आवाज येईलसं वाटलं तर हाताने त्या जागेवर हलका दाब द्यावा. आणि ‘काही बाहेरच पडायला नको’ म्हणून उपाशी राहून कामावर जाऊ नका. त्याने गॅस उलट वाढतो. हे बरेच जण करतात, आणि कुणाला सांगतही नाहीत.

ड्रॉवरमध्ये आधीच भोक कापून ठेवलेली फ्लँज (कातडीला चिकटणारी चकती, तिच्यावर पिशवी बसते), पिशवी, पुसायचे कापड आणि एक जोडी कपडे असावेत. सुरुवातीला कमी तास मागून घ्या. केमोनंतरचा थकवा दिसत नाही, पण असतो. जड उचलण्याआधी सर्जनला विचारा, कारण स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो.

सांगायचं कुणाला? सगळ्यांना सांगायची गरज नाही. सुधाकररावांनी साहेबांना एवढंच सांगितलं, “पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, मला मधूनच उठावं लागेल.” शेजारच्या टेबलावरच्या मित्राला मात्र सगळं सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात पिशवी गळली. ड्रॉवर उघडला, टॉयलेटमध्ये जाऊन बदलून आले आणि राहिलेली बिलं तपासली. हे त्यांनी मला जाता जाता, दारात उभं राहून सांगितलं. मी मात्र त्यांना परत बसवून सगळं पुन्हा ऐकलं.

एक मात्र बजावते. स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा मल-गॅस बंद होऊन पोट दुखायला आणि उलट्या व्हायला लागल्या, तर अपॉइंटमेंटसाठी मला फोन करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.