ऑपेरा गाणाऱ्या सोप्रानोचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की गाण्याच्या बाईंनी तुमच्या पंधरा वर्षांच्या भाचीचा आवाज सोप्रानो आहे असं सांगितलंय, आणि हा मार्ग नेमका कसा असतो ते घरात कुणालाच ठाऊक नाही. मी गेली बारा वर्षं कॉयरमध्ये गाते, ऑपेरा, म्हणजे सगळं गाण्यातून होणारं पाश्चात्य संगीतनाटक, फक्त ऐकते. पण एका सोप्रानोचं आयुष्य मला जवळजवळ पाठ आहे, तेच सांगते. तिचं नाव लिऑन्टीन प्राइस.

आधी थोडं आवाजाबद्दल. सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात उंच प्रकार. ऑपेरात माइक नसतो. स्टेजच्या पुढे खोलगट जागेत भलामोठा ऑर्केस्ट्रा वाजत असतो आणि त्याच्यावरून सूर शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या आजच्या थिएटरात सुमारे 3800 खुर्च्या आहेत. ही ताकद घशावर जोर देऊन येत नाही. श्वास, बरगड्या, पाठ हे सगळं वर्षानुवर्षं तयार करावं लागतं.

प्राइसचा जन्म 1927 चा, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावचा. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण आणि चर्चमध्ये गाणारी. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आईवडिलांनी घरातला फोनोग्राफ, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, देऊन टाकला आणि त्या बदल्यात पियानोचा पहिला हप्ता भरला. माझं मन दरवेळी इथंच अडकतं. काळ्या माणसांनी कुठं बसायचं, कुठल्या शाळेत जायचं हे जिथं गोऱ्यांचे कायदे ठरवायचे, तिथलं हे घर. नवव्या वर्षी आई तिला जॅक्सनला मॅरियन अँडरसन या नामवंत काळ्या गायिकेचं गाणं ऐकायला घेऊन गेली. पुढं संगीतशिक्षिका व्हायचं म्हणून ती ओहायोत कॉलेजात शिकली आणि तिथून न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत गेली. तिथं भेटलेल्या फ्लॉरेन्स पेज किंबॉल या बाईंकडं ती नाव झाल्यावरही शिकत राहिली. तुमच्या भाचीला हे जरूर सांगा.

1955 मध्ये तिनं टीव्हीवर 'टोस्का' हा ऑपेरा गायला, तेव्हा दक्षिणेतल्या काही स्टेशनांनी तो कार्यक्रम दाखवायलाच नकार दिला. 1957 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा 'आयडा' हा ऑपेरा, मग व्हिएन्ना, 1960 ला मिलानचं ला स्काला हे ऑपेरा थिएटर. मेट्रोपॉलिटनकडून आधीच बोलावणं आलं होतं, तेही 'आयडा'साठीच. आयडा म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम झालेली इथिओपियाची राजकन्या. प्राइसच्या एका हितचिंतकाचं मत पडलं की या थिएटरात पहिलं पाऊल गुलामाच्या भूमिकेत नको. ती थांबली. 27 जानेवारी 1961 ला ती तिथं पहिल्यांदा उभी राहिली ती 'इल त्रोवातोरे'मधली सरदार घराण्यातली लिओनोरा म्हणून. शेवटी टाळ्या 42 मिनिटं चालल्या असं सांगतात. तेव्हा तिला चौतिसावं चालू होतं. पंधराव्या वर्षी घाई का करायची नाही, ते यावरून दिसेल.

त्याच वर्षी मोसमाचा पहिला प्रयोग तिच्यावर होता, पुच्चिनी या संगीतकाराच्या ऑपेरातली एक जड भूमिका. दुसऱ्या प्रयोगात, दुसऱ्या अंकाच्या मध्यात आवाज बसत गेला. शब्द ओरडून कसाबसा प्रवेश पुरा केला, तिसरा अंक दुसरीनं गायला. पुढं रोममध्ये जाऊन तिनं विश्रांती घेतली. मला हा प्रसंग तिच्या विजयांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आवाज म्हणजे शरीर आहे, ते थकतं. नंतर ती प्रयोग मोजूनमापून घ्यायला लागली, आणि आवाज टिकला तो त्यामुळंच, असं माझं ठाम मत आहे.

ऑपेराचा निरोप तिनं 3 जानेवारी 1985 ला 'आयडा' गाऊनच घेतला. ते टीव्हीवर थेट दाखवलं होतं, व्हिडिओ सापडेल. तिसऱ्या अंकात नाईलकाठी आयडा एकटी उभी असते. आपला देश आता पुन्हा दिसायचा नाही, असं गाणं आहे. शेवटाकडं सूर चढत चढत वरच्या 'सी' या खूप उंच स्वराला जातो, आणि गंमत म्हणजे तिथं जोर लावायचा नसतो, तो सूर हळुवारच लागायला हवा. सत्तावन्नाव्या वर्षी तो तिला लागला. गाणं संपतं आणि टाळ्या काही केल्या थांबत नाहीत. ती जागची हलत नाही, अजून आयडाच असते. मग कॅमेरा जवळ जातो आणि ओठ थरथरताना दिसतात.

नंतर काही वर्षं तिनं नुसत्या मैफली केल्या आणि थांबली. 2001 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यावर कार्नेगी हॉलमधल्या स्मरणसभेत ती पुन्हा गायला उभी राहिली, वय 74.

भाचीला आधी तो निरोपाचा व्हिडिओ दाखवा. मग सोल्टी या कंडक्टरनं ऑर्केस्ट्रा चालवलेलं तिचं 'आयडा'चं रेकॉर्डिंग, तिशीतल्या आवाजातलं. हेडफोनवर नको, बऱ्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकवा.